मातीच्या पाखरांसाठी बंदूक कोणती घ्यावी?

बंदूक म्हटली म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एक तर शिपायाची रायफल उभी राहते, नाहीतर शिकाऱ्याची दुनळी. ह्या दोहोंखेरीज बंदुकीचा तिसराही एक उपयोग आहे, आणि तो कोणाचाही जीव न घेणारा आहे. हवेत वेगाने फेकलेल्या ठिसूळ चकत्या छऱ्यांनी फोडण्याचा जो खेळ, तोच हा उपयोग होय. इंग्रजीत ह्या चकत्यांना ‘क्ले पिजन’, म्हणजे मातीची कबुतरे, असे म्हणतात. आपणही त्यांस मातीची पाखरे म्हणावयास हरकत नाही. ह्या खेळासाठी, तोही केवळ हौसेखातर, बंदूक घ्यावयाची झाल्यास ती कशी निवडावी, आणि अलीकडे ज्या अर्धस्वयंचलित बंदुकीचा बोलबाला झाला आहे ती त्या कामी कितपत उपयोगी पडते, ह्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम ह्या पाखरांची हकीकत सांगणे अवश्य आहे. एके काळी युरोपात पेटीतून जिवंत कबुतरे सोडून त्यांवर नेम धरण्याची स्पर्धा होत असे. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीही जिवंत कबुतरांवर अशी स्पर्धा झाली होती. परंतु हा क्रूर प्रकार लोकांस रुचेनासा झाला. तत्पूर्वीच, १८८० च्या सुमारास, अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या जॉर्ज लिगोव्स्की नावाच्या गृहस्थाने भाजलेल्या मातीची चकती करून ती यंत्राने फेकण्याची युक्ती काढली होती. पुढे माती गेली व तिच्या जागी डांबरासारखा राळयुक्त पदार्थ आणि चुनखडीची पूड ह्यांचे मिश्रण आले. नाव मात्र मातीचेच राहिले. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ह्या चकतीचा व्यास ११० मिलिमीटर, म्हणजे साधारण चहाच्या बशीहून लहान, आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम असते. ती इतकी ठिसूळ असते की दोनचार छरे लागताच तिचे तुकडे होतात.

वाळूजसारख्या गावाच्या दृष्टीने ह्या खेळास एक विशेष अर्थ आहे. गंगापूर व पैठण तालुक्यांच्या रानांत पूर्वी तित्तर, लावा आणि ससा ह्यांची शिकार करणारे हौशी लोक होते, आणि गोदाकाठी हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांवरही बंदुका रोखल्या जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ह्या हौसेस लगाम बसला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची वाट जवळजवळ बंदच केली. पैठणच्या नाथसागराचा परिसर १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तात्पर्य, ज्या घरात आजोबांची दुनळी अद्याप आहे, त्या घरातील नातवाला ती जिवंत पाखरावर उचलता येत नाही, आणि येऊ नये हेच योग्य आहे. नेमबाजीचा छंद जपावयाचा तर त्यास मातीचे पाखरू हाच एक निर्दोष मार्ग उरतो.

महाराष्ट्राने नेमबाजीत नाव कमावले नाही असे नाही. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ साली पॅरिस येथे कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसळे ही नावे सर्वतोमुखी आहेत. परंतु ही सर्व मंडळी रायफल किंवा पिस्तूल चालविणारी आहेत. छऱ्यांच्या बंदुकीत गाजलेली नावे पाहावी तर ती दूरची आहेत. बिकानेरचे महाराज करणीसिंह ह्यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. राज्यवर्धनसिंह राठोड ह्यांनी २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले. आणि मानवजितसिंह संधू हे २००६ साली जगज्जेते झाले. ह्या अंतराचे कारण मराठी नेत्रांत नसून जमिनीत व खर्चात आहे. हवाई रायफलीस दहा मीटर लांबीची एक खोली पुरते. छऱ्यांच्या बंदुकीस शेकडो मीटर मोकळे रान लागते, आणि प्रत्येक बारास एक काडतूस खर्ची पडते. एक योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तिचे संस्थापक व पहिले अध्यक्ष म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. त्यांच्या नावाने भरणारी स्पर्धा ही आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाते.

आता मुख्य विषयाकडे वळू. बंदूक निवडण्यापूर्वी तिने कोणते काम करावयाचे आहे हे समजून घेतले पाहिजे. रायफलीतून एकच गोळी सुटते व लक्ष्य स्थिर असते. येथे लक्ष्य उडते असते, आणि नळीतून एका बारास सुमारे तीनशे बारीक शिशाचे छरे सुटतात. स्पर्धेच्या काडतुसात त्यांचे वजन २४ ग्रॅमांपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. हे छरे नळीतून सेकंदास सुमारे ४०० मीटर वेगाने निघतात, परंतु हवेच्या विरोधाने तो वेग झपाट्याने घटतो. तीस मीटर अंतर कापावयास त्यांस सेकंदाचा जवळजवळ दहावा भाग लागतो. चकती ताशी ९० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदास २५ मीटर, आडवी चालली आहे असे समजा. सेकंदाच्या त्या दहाव्या भागात ती अडीच मीटरांच्या आसपास पुढे गेलेली असते. म्हणून जो चकतीवर नेम धरतो तो नेमका तिच्या मागे बार काढतो. बंदूक चकतीबरोबर फिरवीत तिच्या पुढे न्यावयाची, आणि चाप ओढल्यावरही ती फिरती ठेवावयाची, हे ह्या खेळाचे मर्म आहे. ह्यावरून निवडीचे पहिले तत्त्व निघते. बंदूक हातात सहज फिरली पाहिजे, आणि डोळा जेथे पाहतो तेथेच तिची नळी आपोआप रोखली गेली पाहिजे.

नळीच्या रुंदीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ‘बारा बोअर’ हा शब्द पुष्कळ जण वापरतात, पण त्याचा अर्थ थोड्यांसच ठाऊक असतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटर असतो. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होते. म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद असते. आकडा वाढला की नळी लहान होते, हे उफराटे गणित ध्यानात ठेवावे. हौशी माणसास बारा बोअरच सोयीची, कारण तिची काडतुसे आपल्या देशात सर्वत्र मिळतात.

नळीच्या तोंडाशी ती किंचित आवळलेली असते, त्यास चोक म्हणतात. पिचकारीचे तोंड लहान केले की पाण्याची धार एकवट होते, तसाच हा प्रकार आहे. चाळीस यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरांवर, तीस इंच व्यासाचे वर्तुळ काढले असता, मुळीच न आवळलेल्या नळीचे शेकडा ४० च्या सुमारास छरे त्यात पडतात. पुरत्या आवळलेल्या, म्हणजे ‘फुल चोक’ नळीचे शेकडा ७० च्या सुमारास पडतात. जवळच्या चकत्यांस मोकळी नळी बरी, दूर जाणाऱ्या चकत्यांस आवळ नळी बरी. स्कीट नावाच्या प्रकारात चकत्या जवळून आडव्या जातात, आणि ट्रॅप नावाच्या प्रकारात त्या नेमबाजापासून दूर पळतात. तेव्हा दोन्ही खेळांस एकच चोक पुरी पडत नाही. नव्या बंदुकांत चोकची नळकांडी आटे फिरवून बदलता येतात, ही मोठी सोय आहे.

आता अर्धस्वयंचलित बंदूक म्हणजे काय ते पाहू. जुन्या बंदुकीत प्रत्येक बारानंतर रिकामे काडतूस काढून नवे भरणे हे काम माणसास करावे लागते. अर्धस्वयंचलित बंदूक बाराचीच शक्ती वापरून हे काम स्वतः करते. मात्र दर बारास चाप नव्याने ओढावा लागतो, म्हणून ती पूर्ण स्वयंचलित नव्हे. अमेरिकेतील प्रसिद्ध कारागीर जॉन ब्राउनिंग ह्यांनी तिच्या रचनेचे एकस्व १९०० साली मिळविले, आणि बेल्जियममधील कारखान्यात ती तयार होऊ लागली. तिच्यात बाराबरोबर संपूर्ण नळीच मागे सरत असे. ही बंदूक विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत होती, ह्यावरून तिची योग्यता कळून येते.

आजच्या अर्धस्वयंचलित बंदुका मुख्यतः दोन पद्धतींच्या असतात. पहिली वायूची पद्धत. नळीला खालच्या बाजूस बारीक छिद्रे असतात. दारूच्या जळण्याने झालेला वायू थोडासा त्यांतून निघून एका दट्ट्यास ढकलतो, आणि दट्ट्या बोल्टास मागे नेतो. अमेरिकेची रेमिंग्टन ११०० ही १९६३ सालची बंदूक ह्या पद्धतीची प्रसिद्ध आहे. दुसरी जडत्वाची पद्धत. इटलीतील बेनेल्ली कारखान्याने ती लोकप्रिय केली. बार होताच बंदूक मागे सरते, परंतु बोल्टाचा जड भाग जडत्वामुळे जागीच राहू पाहतो. गाडी एकाएकी सुरू झाली म्हणजे उभा उतारू मागे झुकतो, त्यातलाच हा नियम होय. त्या झुकण्यात बोल्टातील एक मजबूत स्प्रिंग दाबली जाते, आणि ती उसळताच बोल्ट मागे फेकला जातो. वायूच्या बंदुकीचा धक्का सौम्य, परंतु तिच्या आत काजळी साठते आणि ती वारंवार पुसावी लागते. जडत्वाची बंदूक आतून स्वच्छ राहते व वजनाने हलकी असते, परंतु तिचा धक्का तीव्र लागतो, आणि खांदा सैल धरला किंवा काडतूस फार हलके असले तर पुढचे काडतूस चढत नाही. २४ ग्रॅमांच्या हलक्या काडतुसांवर बंदूक बिनतक्रार चालते काय, हा प्रश्न अर्धस्वयंचलित बंदूक घेणाराने सर्वांआधी विचारावा, आणि शब्दावर न विसंबता प्रत्यक्ष चालवून पाहावा.

ह्या बंदुकीचे गुण निःसंशय आहेत. धक्का कमी, नळी एकच असल्यामुळे दृष्टी एका रेषेत, आणि परदेशांतील बाजारात चांगल्या दुनळीपेक्षा किंमत कमी. धक्क्याचे गणित शाळेतल्या मुलासही समजेल. छरे जितके जड तितका बंदुकीचा मागे सरण्याचा वेग जास्त, आणि धक्क्याची ऊर्जा त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याच बंदुकीत त्याच वेगाने २४ ग्रॅमांऐवजी ३२ ग्रॅम छरे सोडले, तर धक्का एकतृतीयांशाने न वाढता जवळजवळ पाऊणपटीने वाढतो. दिवसाला शंभर बार काढणाऱ्याचा खांदा हे गणित चांगले ओळखतो. ज्याचा खांदा दुखतो तो चाप ओढताना डोळे मिटतो, आणि डोळे मिटले की चकती गेलीच. वायूची बंदूक तोच धक्का अधिक काळात पसरवून देते, म्हणून तो सौम्य भासतो.

पण दोषही आहेत. नळी एकच असल्यामुळे दोन बारांसाठी चोकही एकच. बार होताच रिकामे काडतूस उजव्या बाजूस उडते. शेजारी उभ्या असलेल्या नेमबाजास ते लागते, आणि डावखुऱ्या माणसाच्या तर ते डोळ्यांपुढूनच जाते. तिचे भाग अनेक, म्हणून बिघाडाच्या जागाही अनेक. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुनळी मधोमध मोडून हातावर टाकली की ती रिकामी आहे हे वीस पावलांवरूनही दिसते. अर्धस्वयंचलित बंदूक रिकामी आहे की भरलेली, हे जवळ जाऊन तिच्या पोटात डोकावल्याशिवाय कळत नाही. आंतरराष्ट्रीय नियम अर्धस्वयंचलित बंदुकीस मनाई करीत नाहीत. हाताने पुढेमागे ओढून भरावयाच्या पंप बंदुकीस मात्र मनाई करतात. तरीसुद्धा ऑलिंपिकच्या मैदानावर पाहावे तर जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एकावर एक नळी असलेली दुनळीच असते.

ह्यापुढे आपल्या देशाचा कायदा येतो, आणि येथेच निवडीचा प्रश्न बराचसा निकालात निघतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील २०१६ च्या नियमांत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. मागून भरावयाच्या साध्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका सामान्य परवान्याच्या वर्गात मोडतात. अर्धस्वयंचलित बंदुका आणि वीस इंचांहून आखूड नळीच्या बंदुका मात्र निर्बंधित वर्गात घातल्या आहेत. सबब, परदेशात हौशी माणूस दुकानात जाऊन जी बंदूक सहज उचलतो, ती वाळूजच्या हौशी माणसास साध्या परवान्यावर घेता येत नाही. परदेशी बंदुकांची आयातही सर्वसामान्य माणसास खुली नाही. ती सवलत नामांकित नेमबाजांस मिळते. एखादा दलाल ‘परवान्यावर चढवून देतो’ असे सांगून जुनी अर्धस्वयंचलित बंदूक स्वस्तात देऊ लागला, तर त्याच्यापासून दूर राहावे. परवान्यात लिहिलेल्या वर्गाबाहेरचे शस्त्र जवळ बाळगणे हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या तरुणाची नोकरी, अब्रू आणि घरच्यांची झोप ही सर्व अशा एका व्यवहाराने जाऊ शकते. एका बंदुकीपायी एवढे मोल कोणी द्यावे?

परवान्याविषयी आणखी तीन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. अर्ज जेथे राहावयाचे घर असेल तेथील जिल्हादंडाधिकारी अथवा पोलीस आयुक्त ह्यांच्याकडे करावा लागतो, आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागते. तिसरी गोष्ट अशी की, वाडवडिलांची बंदूक वारशाने येते, पण परवाना वारशाने येत नाही. वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागितला पाहिजे, आणि तोपर्यंत ती बंदूक कायद्याने सांगितलेल्या ठिकाणी जमा ठेवली पाहिजे.

तेव्हा हौशी माणसाने दुनळी घ्यावी, हे उघड झाले. दुनळीतही दोन प्रकार आहेत. एक शेजारशेजार नळ्यांची, जी आपल्या जुन्या घरांतून आढळते; दुसरी एकावर एक नळ्यांची. चकतीच्या खेळास दुसरी अधिक बरी, कारण तिच्यात अर्धस्वयंचलित बंदुकीप्रमाणेच दृष्टीपुढे एकच नळी दिसते, आणि शिवाय दोन नळ्यांस दोन निराळ्या चोक ठेवता येतात. पहिला बार चुकला तर चकती दूर गेलेली असते. त्या वेळी दुसरी, अधिक आवळ नळी उपयोगी पडते. वजन सव्वातीन ते साडेतीन किलोग्रॅमांच्या आसपास असावे. फार हलकी बंदूक खांद्यास झोंबते व हवेत थरथरते. फार जड बंदूक तिसाव्या बारानंतर हात खाली ओढते. नळी अठ्ठावीस ते तीस इंच लांब असली म्हणजे ती एकसारखी फिरते.

परंतु ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बंदूक अंगास बसणे. शिंप्याकडून सदरा शिवून घेताना आपण बाहीचे माप देतो. बंदुकीच्या दस्त्याचे माप मात्र कोणी पाहत नाही. परीक्षा सोपी आहे. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घ्यावी, डोळे मिटावे, बंदूक सहजपणे खांद्यास लावावी, आणि मग डोळे उघडावे. नळीवरची पट्टी नजरेपुढे सरळ, पुढच्या मण्यापर्यंत दिसली तर दस्ता योग्य. नळीच्या मागचा भागच आड आला तर दस्ता गालाखाली फार उतरता आहे; पट्टी फार उघडी दिसली तर तो फार उंच आहे. दस्ता लांब असेल तर तो काखेत अडकतो. आखूड असेल तर अंगठा नाकावर आदळतो. लाकडी दस्ता कुशल कारागिराकडून कमीजास्त करून घेता येतो, आणि नव्या बंदुकीवर दहापट पैसे खर्च करण्यापेक्षा ह्या दुरुस्तीने अधिक चकत्या फुटतात.

दस्त्याबरोबर डोळ्याचीही परीक्षा करावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबाकडे अंगठा रोखावा, आणि मग एकेक डोळा मिटून पाहावे. ज्या डोळ्याने अंगठा खांबावरच राहतो तो प्रबळ डोळा. उजव्या खांद्यावर बंदूक घेणाराचा डावा डोळा प्रबळ असला तर त्याचे बार सदैव एका बाजूस जातात, आणि तो बिचारा बंदुकीस दोष देत बसतो. अशा माणसाने एक तर डाव्या खांद्याची सवय करावी, नाहीतर चष्म्याच्या डाव्या काचेवर लहानसा कागद चिकटवावा.

आजोबांची दुनळी काढून तिनेच खेळावे असे ज्यांस वाटते, त्यांनी एक धोका नीट ओळखावा. जुन्या विलायती बंदुकांची काडतुसाची जागा बहुधा अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर, लांबीची असते. आजची काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. ही लांबी काडतूस उघडल्यानंतरची मोजतात. म्हणून न उडवलेले लांब काडतूस त्या आखूड जागेत बिनदिक्कत शिरते, आणि उडताना उघडावयास जागा न मिळाल्यामुळे दाब भयंकर वाढतो. त्याचप्रमाणे लोखंड व पोलाद ह्यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या, नागमोडी नक्षीच्या ज्या जुन्या नळ्या असतात, त्या काळ्या दारूच्या काळातल्या आहेत. आधुनिक दारू त्यांत वापरू नये. बंद केलेली बंदूक कानाशी हलविली असता खडखडली, नळीतून उजेडाकडे पाहता आत खड्डे किंवा पोचे दिसले, तर तिचे स्थान भिंतीवरच. परवानाधारक कारागिराने तपासल्याशिवाय अशा बंदुकीत काडतूस घालू नये.

काडतुसांच्या बाबतीत महाराष्ट्रास दूर जावे लागत नाही. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालत आला आहे, आणि बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे तेथलीच. चकतीसाठी बारीक छऱ्यांची व हलक्या भाराची काडतुसे मागावी. मोठ्या छऱ्यांचे जड काडतूस येथे निरर्थक व धोक्याचे आहे. खर्चाचा अंदाजही आधीच बांधावा. पंचवीस चकत्यांचा एक डाव असतो. चार डाव खेळले की किमान शंभर काडतुसे संपली, आणि २४ ग्रॅमांच्या हिशेबाने जमिनीवर दोन किलो चारशे ग्रॅम शिसे पडले. हा हिशेब केवळ पैशाचा नव्हे. शिसे विषारी आहे. पाणपक्षी खडे समजून छरे गिळतात आणि मरतात. म्हणून अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत, आणि युरोपीय संघात २०२३ पासून पाणथळ जागी, शिशाचे छरे वर्ज्य झाले आहेत. खाम नदीचे पाणी गोदावरीकडे जाते, हे वाळूजकराने विसरू नये. ज्या हौसेने जिवंत पाखरू वाचविले, तिनेच नाथसागराच्या पाखरास विष घालावे, हे बरे नव्हे. तेव्हा खेळाची जागा ओढ्यानाल्यापासून दूर असावी, आणि पडलेले शिसे ठराविक काळाने गोळा व्हावे.

जागेचा विचार सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हवा. छऱ्याचा व्यास इंचांत घेऊन त्यास २,२०० ने गुणले की तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल हे कळते. जुर्ने ह्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याच्या नावाने हा ठोकताळा ओळखला जातो. चकतीसाठी वापरतात तो साडेसात नंबरचा छरा इंचाच्या शेकडा साडेनऊ भागाएवढा असतो. म्हणजे तो सुमारे २०९ यार्ड, अर्थात १९० मीटर जातो. ह्या अंतरात रस्ता, शेतमजूर, गुरे किंवा घर असता कामा नये, आणि त्यापुढेही मोकळी जागा शिल्लक असावी. कारखाने, चाळी आणि अहिल्यानगरच्या रस्त्यावरची अखंड रहदारी ह्यांनी वेढलेल्या वाळूजच्या परिसरात एखाद्याने स्वतःच्या शेतात उभे राहून असा खेळ मांडणे हे अविचाराचे होय. परवानाधारक रायफल क्लबाच्या आखीव मैदानावरच तो खेळावा. तेथेही कानांत बोळे व डोळ्यांवर चष्मा असल्याखेरीज उभे राहू नये. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलांहून मोठा असतो, आणि एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

आता ह्या सर्वांचा क्रम लावू. प्रथम क्लबाचे सभासद व्हावे. तेथील शस्त्रावर, तेथील शिक्षकाच्या देखरेखीखाली, निदान काही महिने शिकावे. ह्या काळात आपला प्रबळ डोळा कोणता, दस्ता किती लांब लागतो, स्कीट आवडते की ट्रॅप, आणि मुख्य म्हणजे महिन्याचा खर्च झेपतो की नाही, हे आपोआप कळून येते. मग परवान्याचा अर्ज करावा. परवाना हाती आल्यावर एकावर एक नळ्यांची, अंगास बसणारी, सुस्थितीतील दुनळी पाहावी. पुढे खेळात प्रावीण्य मिळवून जो नामांकित नेमबाजांच्या पंक्तीस बसेल, त्याने अर्धस्वयंचलित बंदुकीचा विचार खुशाल करावा. तेव्हा कायद्याची वाटही त्यास निराळी असेल, आणि त्याचा खांदाच त्यास वायूची बरी की जडत्वाची हे सांगेल.

पुष्कळ लोक उलट क्रमाने चालतात. आधी बंदूक पसंत करतात, मग परवान्यासाठी खटपटी करतात, आणि शेवटी ती चालवावी कोठे ह्याचा शोध घेतात. अशी बंदूक अखेर कपाटात गंज खात पडते, किंवा लग्नाच्या वरातीत हवेत उडते आणि कोणाच्या तरी घरी रडारड होते. आनंदाच्या भरात बंदूक उडविणे हाही २०१९ पासून स्वतंत्रपणे शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरला आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण बंदुकीस इतर कोणत्याही वस्तूपेक्षा अधिक लागू आहे, कारण येथे हिशेब चुकला तर पैशाबरोबर माणूसही जाऊ शकतो. बंदूक शेवटी निवडावी. जागा, शिक्षण आणि संयम ही आधी निवडावी. ही तीन साधली म्हणजे साध्या दुनळीनेही मातीचे पाखरू आकाशात फुटते, आणि तो काळा धुरळा पाहण्यात जो निर्मळ आनंद आहे, त्यासाठी कोणाही जिवास प्राण द्यावा लागत नाही.